डावी सीट

“सर, माझी पोरगी मठ्ठ हाय का?”

पेठच्या स्टँडवर नाशिककडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज आणि चहाच्या टपरीवरचा आवाज एकमेकांत मिसळून गेले होते. त्यातून हा प्रश्न हौशीरामच्या उजव्या कानापाशी आला. उजवाच कान बरा होता. डावा लष्करात असताना, तीस वर्षं हेलिकॉप्टरच्या आवाजात बसून, हळूहळू निघून गेला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि मान वळवली. बाकाच्या टोकाला यमाजी बसला होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, काठी गुडघ्यांत धरलेली. हिराचा बाप. आणि हिरा म्हणजे माळावरच्या हेलिकॉप्टरच्या शाळेतली हौशीरामची विद्यार्थिनी, वीस वर्षांची, गेले पाच महिने त्याच्या शेजारच्या सीटवर बसून उडायला शिकत असलेली. यमाजीच्या आवाजात तक्रार नव्हती. आजारी जनावर डॉक्टरला दाखवताना माणूस जसं विचारतो, तसं त्यानं विचारलं होतं. “मठ्ठ आसंल तर सांगा. मी काय रागावनार न्हाई. आमच्या कळपात बी आसतंय एखादं. समदी निघाली तरी त्ये आपलं हितंच. त्याला मारून काय उपेग?”

“नाही हो यमाजी. हुशार आहे ती. माझ्या हाताखालून गेलेल्यांत इतकी हुशार पोरं थोडी.”

“मंग तुमी खाली का उतरना?”

यमाजी पुढं बोलत राहिला, काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत. “मी तारंच्या पलीकडं रोज मेंढरं चारतो. बगतो ना. पोरगं शिकलं का मास्तर खाली उतारतो, वाकून लांब जातो. पोरगं एकटंच वर जातं, फिरून येतं, मंग त्याच्या डोक्यावर बादली वततात. तीन पोरांवर वतली. माझ्या पोरीच्या मागनं आल्याली पोरं ती. तुमी काय कवा खाली उतरत न्हाई.” मग हसून, पण हसण्यात जरा खरखर आणून म्हणाला, “मेंढराला बी इतक्या दिसांत वाट पाठ हुती, राव.”

चहाचे पैसे यमाजीनंच दिले. ‘पावणं हाय तुमी आमच्या माळावर,’ म्हणाला, आणि उठून गेला. हौशीराम स्कूटर काढून माळाकडं निघाला. हिवाळा सरत आलेला, दोन्ही बाजूंना कांद्याचे हिरवे वाफे, मधेच उसाचा फड, आणि फडाच्या कडेला बिबट्यापासून सावध राहा अशी वनखात्याची पाटी, जिच्यावरचा बिबट्या उन्हानं मांजरासारखा फिका झाला होता. मंग तुमी खाली का उतरना. प्रश्न स्कूटरच्या मागच्या सीटवर बसल्यासारखा बरोबर येत होता. त्याच्याजवळ उत्तर होतं, नव्हतं असं नाही. हिराचा हात अजून बसलेला नाही. हेच तो पाच महिने प्रगतीच्या वहीत लिहीत आला होता. हेलिकॉप्टर जमिनीपासून चार फुटांवर एका जागी स्थिर धरणं ही सगळ्यांत अवघड गोष्ट. पुढं पळवणं त्या मानानं सोपं. स्थिर धरताना हाताचं मनगट हललं तरी चालत नाही, हलवायचं असं नुसतं मनात आणायचं आणि तेवढ्यावर दांड्यानं समजून घ्यायचं. हिराचं हेलिकॉप्टर सुंदर थांबायचं. पण हौशीरामनं आपलं बोट जरा सैल केलं की ते झोकांड्या खाई. म्हणजे हात बसलेला नाही. गणितासारखं सरळ होतं ते. आज मात्र गणिताच्या खाली कोणीतरी मातीत रेघ ओढून गेलं होतं.

हिरा शाळेत आली तीच मुळी भांडत. म्हणजे शाळेत नव्हे, आकाशातल्या या धंद्यात. बारावीला ओतूरला असताना सुट्टीत बापाबरोबर मेंढरांच्या वाड्यावर होती. एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली. शेजारच्या रिकाम्या रानात कुठल्याशा सभेला आलेलं हेलिकॉप्टर उतरलं, आणि दीडशे मेंढरं फुटून चारी वाटांना लागली. यमाजी मेंढरांमागं पळाला, पोरगी हेलिकॉप्टरकडं. पंखा थांबायची वाट बघत उभी राहिली आणि दार उघडल्याबरोबर पायलटला म्हणाली, “आमची मेंढरं कोन आनून देनार?” तो बिचारा इतका ओशाळला की तिची समजूत काढायला त्यानं तिला आत बसवलं. मेंढरं संध्याकाळपर्यंत सापडली, पाच सोडून. हिरा मुलाखतीत हे सगळं सांगत होती तेव्हा परीक्षक हसत होते, आणि हौशीरामनं मात्र तिच्या हातांकडं पाहिलं होतं. सांगताना तिचे हात मांडीवर गप्प पडून होते. गप्प हात फार थोड्यांना असतात. सरकारी योजनेतून तिची जागा पक्की झाली तेव्हा तो स्वतःच म्हणाला होता, हिला मी शिकवतो.

माळावर पोचला तेव्हा वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची कापडी नळी अर्धवट फुगली होती. कचेरीच्या दारातच शाळेचा प्रमुख, कॅप्टन समर्थ, उभा होता. वयानं त्याच्या मुलासारखा, स्वभावानं सरळ. “सर, एक मिनिट. हिराचे एकतीस तास झाले.”

“माहीत आहे.”

“बाकीची सगळी वीसच्या आत एकटी उडाली. सोमवारी योजनेचे साहेब येतायत. जी एकटी उडाली नाहीत त्यांची नावं ते कापणार. माझ्या हातात काही नाही त्यात.” समर्थ थांबला. “वाईट वाटून घेऊ नका, उद्या मी तिच्याबरोबर बसून बघतो. एकदा दुसऱ्या माणसानं बघितलेलं बरं.”

“तुझ्याबरोबर तिचं हेलिकॉप्टर हलेल.”

“मग खरंच हात बसला नसेल तर…”

“बसेल,” हौशीराम म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच नीटसं कळलं नाही. उद्या समर्थ तिच्या शेजारी बसेल, हात मांडीवर ठेवून. हेलिकॉप्टर झोकांड्या खाईल. समर्थ वहीत लिहील. आणि मंगळवारी हिरा तारेच्या पलीकडं मेंढरांमागं असेल. यात कोणाची चूक दिसणार नाही. समर्थची नाही, साहेबांची नाही. तो शेडकडं चालू लागला आणि चालता चालता त्याला, का कोण जाणे, चमचा आठवला.

स्टीलचा साधा चमचा. दांड्याला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून जाड केलेला, बोटांना धरता यावा म्हणून. त्याच्या बायकोला, इंद्रायणीला, अर्धांगाचा झटका आला त्यानंतर मंचरहून स्नेहल नावाची मुलगी व्यायाम करून घ्यायला ओतूरच्या घरी यायची, तिनं ती चिंधी बांधली होती. इंद्रायणीचा उजवा हात गेला होता, आणि वाचा. ज्या हातानं तिनं तीस वर्षं डिंभ्याच्या शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवली, तो हात मांडीवर कोणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला असायचा. धरणाच्या कडेच्या त्या शाळेत हौशीराम रजेवर आला की जाऊन बसायचा, मागच्या भिंतीला टेकून. मासेमारांची, कातकऱ्यांची, धनगरांची पोरं. इंद्रायणी पोराच्या मागं गुडघे टेकून बसायची, त्याचा पेन्सिलीचा हात आपल्या हातात घ्यायची आणि ‘ग’ काढायची. एक, दोन, तीन. चौथ्या वेळी हात काढून घ्यायची, पण काढला हे पोराला कळू द्यायची नाही. तिचा हात पोराच्या हातावर बोटभर अंतरावर तसाच फिरत राहायचा, आणि पोरगं बाई आहेत या भरवशावर स्वतःच अक्षर काढून मोकळं व्हायचं. मग ती म्हणायची, “हे कोणी काढलं रे?” पोरगं म्हणायचं, “बाई, तुमी.” आणि ती आपले दोन्ही हात वर करून दाखवायची. सगळा वर्ग हसायचा. हौशीराम पुढं स्वतः शिकवू लागला तेव्हा प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायचा. ‘आमच्या बाईंचं बोटभर अंतर’ म्हणायचा. हिराच्या तुकडीलाही सांगितली होती. तोपर्यंत इंद्रायणीला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि सांगताना त्याचा आवाज अजिबात हलला नव्हता याचा त्याला थोडा अभिमानही वाटला होता.

“सर, वारं पश्चिमेचं हाय. धा वाजेपर्यंत ऱ्हाईल असंच,” हिरा म्हणाली. हेलिकॉप्टरची सगळी तपासणी करून ती पंख्याखाली उभी होती. दोन माणसांचं लहानसं यंत्र, काचेच्या बुडबुड्याला शेपूट लावल्यासारखं. मेकॅनिक भागू हात पुसत म्हणाला, “बादली भरून ठिवू का आज? का पुन्हा झाडालाच घालायचंय पानी?” पाच महिने तो हा विनोद करत होता आणि हिरा पाच महिने हसत होती. आज ती हसली नाही. सोमवारचं तिलाही कळलं असणार. हौशीरामनं भागूकडं पाहिलं नाही. डावीकडून आत चढला, पट्टा बांधला. हिरा उजवीकडं. या यंत्रात शिकणाऱ्यानं उजवीकडं बसायचं आणि शिकवणाऱ्यानं डावीकडं, आणि दोघांच्या मधे एकच दांडा, त्याला वर आडवी फांदी, फांदीच्या दोन्ही टोकांना एकेक मूठ. दोघांचे हात एकाच दांड्यावर. एकानं हलवलं की दुसऱ्याला कळतं. कानावर हेडफोन चढले, पंखा फिरू लागला, माळावरचं वाळलं गवत चारी बाजूंना लोळलं, आणि यंत्र जमिनीवरून अलगद सुटलं.

माळाभोवती ठरलेला चौकोनी फेरा. पूर्वेला हायवेवरच्या गाड्या मुंग्यांसारख्या, पश्चिमेला दूरवर डिंभे धरणाचं पाणी ॲल्युमिनियमच्या ताटासारखं. तिकडं पाहायचं नाही असं हौशीरामनं ठरवून टाकलेलं होतं आणि प्रत्येक फेऱ्यात तो एकदा पाहायचा. धरणाच्या कडेला शाळेचं पत्र्याचं छप्पर इथून दिसणं शक्य नव्हतं, पण त्याला ते दिसायचं. पहिला फेरा झाला. दुसरा. हिरा उतरून चार फुटांवर येऊन थांबली आणि यंत्र हवेत खुंटीला टांगल्यासारखं स्थिर राहिलं. काही चूक नव्हती. मंग तुमी खाली का उतरना. आणि तेव्हा, पाच महिन्यांत पहिल्यांदा, समोर न पाहता, घड्याळांकडं न पाहता, हौशीरामनं आपल्या हाताकडं पाहिलं.

त्याचं उजव्या हाताचं एक बोट मुठीखाली टेकलेलं होतं. नुसतं टेकलेलं, पिसासारखं, असंच तो समजत होता. सावधगिरी म्हणून, कुठलाही शिक्षक ठेवतो. पण बोटाचं नख पांढरं पडलं होतं. खालचं रक्त सरकून गेलेलं, कोणी दार दाबून धरावं आणि बोटांची टोकं पांढरी व्हावीत तसं. त्याला ते बोट क्षणभर दुसऱ्याचं वाटलं. तो बोटानं दाबत होता. आत्ता दाबत होता. एकतीस तास दाबत होता. हिरा शिकली होती ते हेलिकॉप्टर नव्हतंच. ते हेलिकॉप्टर आणि त्याचं बोट असं मिळून काहीतरी तिसरंच होतं, आणि तेवढं तिला उत्तम येत होतं. त्यानं बोट उचललं. यंत्र लगेच डावीकडं झुललं, मग उजवीकडं. हिरानं झटकन त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला कळायच्या आत बोट पुन्हा आपल्या जागी जाऊन बसलं. यंत्र स्थिर झालं.

आपल्या जागी. ही त्याची जागा कधी झाली? लष्करात त्यानं साठ-सत्तर पोरांना शिकवलं होतं, उत्तरेत बर्फाच्या डोंगरांत, आणि तिथं तर त्याची ख्याती होती की हा माणूस हात छातीवर बांधून बसतो. बोटभर अंतर. ते अंतर कुठं मिटलं हे त्याला चांगलं माहीत होतं, फक्त मनानं त्या जागी तो परत कधी गेला नव्हता. ओतूरचं स्वयंपाकघर, दुपारचे बारा, पाटावर नव्हे, खुर्चीवर बसवलेली इंद्रायणी, तिच्या गळ्याभोवती टॉवेल. स्नेहल रोज बजावून जायची, “आजोबा, सांडू दे. आमटी सांडू दे, साडी खराब होऊ दे. सहा महिने सांडलं तर सातव्या महिन्यात त्या आपल्या हातानं जेवतील. तुम्ही फक्त बसायचं.” तो ‘हो’ म्हणायचा. शिक्षकच होता तो, त्याला का हे कळत नव्हतं? पण स्नेहलची गाडी कोपऱ्यावर वळली की समोर ती बाई असायची, जिच्या साडीवर तीस वर्षांत खडूशिवाय डाग कोणी पाहिला नव्हता, आणि तिच्या हनुवटीवरून आमटी गळ्याकडं ओघळत असायची, भाताची शितं छातीवर पडलेली असायची, आणि जाड केलेला चमचा तोंडाच्या वाटेवर हवेत थरथरत असायचा, चार इंच, तीन इंच. तिथवर यायचा तो चमचा. तिथून पुढं हौशीरामचा हात जायचा. आधी नुसता मनगटाखाली आधार. मग चमच्याखाली. मग चमचाच त्याच्या हातात. एक दिवस तिनं डाव्या हातानं त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं होतं. त्याला वाटलं आमटी गरम आहे. त्यानं फुंकर घातली. तिनं पुन्हा दोनदा थोपटलं. त्यानं तिचं तोंड पुसलं. मग तिनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं. भूक लागली असणार, त्याला वाटलं. नंतर ती रोज निमूट जेवायची. चिंधीचा चमचा फडताळात गेला. स्नेहल एक दिवस म्हणाली, “हात का उठत नाही कळत नाही, उठायला हवा होता.” त्यानं मान डोलावली होती. झटक्यानंतर चौदा महिन्यांनी, असेच कांद्याचे वाफे हिरवे असताना, ती गेली. हात शेवटपर्यंत मांडीवरच होता.

“उतरव,” तो हेडफोनमधून म्हणाला.

हिरानं यंत्र जमिनीला टेकवलं. तिला वाटलं आजचा तास संपला. तिनं पंखा मंद करायला हात घातला. “बंद करू नको. चालू राहू दे.” त्यानं आपला पट्टा सोडला.

“सर? कुटं चालला?”

“खाली.”

तिचा चेहरा पाहायचा नाही असं त्यानं ठरवलं, आणि मग पाहिला. शिकवणाऱ्यानं खाली उतरण्याआधी एक गोष्ट सांगायची असते, ती न सांगता उतरणं हा गुन्हा. आवाज नेहमीचा ठेवायचा प्रयत्न करत त्यानं सांगितलं, “ऐक. मी उठलो की इकडचं वजन जाणार. सुटताना हे तुझ्या बाजूला कलेल. उजवी टेकायची पट्टी खाली राहील, नाक थोडं वर येईल. नेहमीच्या जागी दांडा धरलास तर चुकेल. तुझी नवी जागा तुला शोधायला लागेल. पहिलं अर्धं मिनिट वाईट जाईल, हिरा. हलेल. घाबरू नको असं मी म्हणणार नाही. हललं तर तुझं तू थांबव.” थोडं थांबून म्हणाला, “एकच फेरा. मग ये.” त्यानं आपल्या बाजूची मूठ आटे फिरवून दांड्यावरून काढून घेतली, एकट्यानं उडताना ती ठेवत नाहीत. रिकाम्या सीटवर पट्टा कोणी बसल्यासारखा बांधला, म्हणजे तो सुटा फडफडणार नाही. दार लावलं, अंगठा दाखवला, आणि वाकून, पंख्याच्या वाऱ्यात डोळे मिटत, तो समोर तिला दिसेल असा चालत लांब गेला. भागू शेडमधून पळत आला होता. त्याच्या हातात बादली नव्हती. बादली आणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं. सुटलं म्हणण्यापेक्षा, आधी डावी पट्टी उठली आणि उजवी मातीला चिकटूनच राहिली, आणि ते उचकी लागल्यासारखं एका अंगावर वर आलं. नाक वर. मग ते मागं गेलं, दहा फूट, पंधरा, पुढं आलं, उजवीकडं इतकं झुकलं की हौशीरामला पंख्याची टोकं आणि गवत यांतलं अंतर दिसलं. त्याच्या गळ्यात रेडिओ होता. अंगठा बटणावर गेला. एकच शब्द पुरला असता, डावीकडं. पाच महिने त्याच आवाजावर ती उडाली होती. आणि अंगठा बटणावर असताना त्याला इतक्या स्पष्टपणे, जणू मनगटावरच, ते जाणवलं: दोनदा थोपटणं. त्यानं अंगठा काढला. हेलिकॉप्टर पुन्हा झुललं, यावेळी कमी. पुन्हा, आणखी कमी. “सर,” भागू त्याच्या कानाशी ओरडला, “हातातलं ते काय हालवताय? तुटक्या दांड्यानं हाकताय व्हय हेलिकॉप्टर?” हौशीरामनं खाली पाहिलं. काढून आणलेली मूठ त्याच्या हातात होती, घट्ट धरलेली, आणि ती तो डावीकडं ओढत होता, जीव खाऊन, हवेत. तिला काहीही जोडलेलं नव्हतं.

वर पाहिलं तेव्हा हेलिकॉप्टर थांबलं होतं. किंचित तिरकं, उजवं अंग खाली, नाक वर. डाव्या बाजूला कोणी नाही हे अंगावर दाखवत. पण थांबलं होतं. त्याचं बोट असताना थांबायचं तितकं सुबक नाही. ते तसंच तिरकं राहून थोडा वेळ हवेत विचार करत उभं राहिलं, मग नाक खाली घालून पुढं निघालं, तारेवरून गेलं, लहान झालं. पश्चिमेला वळलं तेव्हा काचेवर ऊन चमकलं. भागू आता हसत होता, डोळे पुसत होता, बादलीकडं पळत होता. हौशीराम मात्र हातातली मूठ कुठं ठेवावी हे न कळून तसाच उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता, आणि तो होताही, कुठंतरी खाली; पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. अर्धं मिनिट. वाईट गेलं ते फक्त अर्धं मिनिट. तेवढंच लागतं.

ती परत आली, थांबली, टेकली, पंखा थांबला, आणि दार उघडून उतरते तोच भागूनं अख्खी बादली तिच्या डोक्यावर उपडी केली. कॅप्टन समर्थ कचेरीच्या पायरीवरून टाळ्या वाजवत होता. तारेपलीकडं मेंढरं आणि यमाजी. यमाजी तारेपाशी आला, हौशीरामकडं पाहून म्हणाला, “वर बगायची छाती झाली न्हाई, सर. सावली बगत व्हतो. माझ्या मेंढरावरनं गेली सावली. सरळ गेली.” पटक्याच्या टोकानं त्यानं नाक पुसलं. “मेंढरं बी फुटली न्हाईत.” आणि लेकीकडं न पाहताच कळपाकडं वळला.

हिरा निथळत उभी होती, वेणी पिळत, दातावर दात वाजत असताना हसत. “लई हाललं, सर, सुरवातीला. पन मंग सोपं ग्येलं. जड न्हाईच ते. येकदम हलकं हाय.” मग हसू थोडं आवरून, जणू आता बोललं तरी चालेल असं वाटून, ती म्हणाली, “तुमचं बोट आसायचं ना.”

हौशीरामनं हातातली मूठ पाठीमागं नेली.

“मला कळायचं, सर. हाताला कळतंय की. मी न्यायचे उजवीकडं, तुमी जरा मागं धरायचा.”

“कधीपासून कळत होतं?”

“पयल्या म्हयन्यापास्नं. दोनदा मी हात झटकला बी व्हता. तुमाला वाटलं भ्याले. तुमी म्हनला, घाबरू नको, मी आहे.” प्रगतीच्या वहीत त्यानं ते स्वतः लिहिलं होतं, त्यात आजही असणार, तारखेसकट: हात दोनदा कापला, आत्मविश्वास कमी.

“मग बोलली का नाहीस? एकतीस तास, हिरा. तुझं नाव गेलं असतं.”

तिनं पिळलेली वेणी पाठीवर टाकली. शाळेतल्या पोरीसारखी खाली बघत, पायातल्या बुटानं चिखल सारखा करत म्हणाली, “तुमाला बरं वाटायचं तसं धरलं की. मी बगायचे ना तुमच्याकडं. म्हनलं, सरांना बरं वाटतंय, तर धरू द्या.”

भागू तिला शेडकडं घेऊन गेला, टॉवेल द्यायला, चहा द्यायला. हौशीराम हेलिकॉप्टरपाशी एकटा राहिला. मूठ परत बसवायची होती. त्यानं डावीकडचं दार उघडलं. सीटवरचा पट्टा त्यानं बांधला तसाच होता, कोणी बसलेलं असावं इतका नीट, पोटावरून, खांद्यावरून. तो सोडायला त्यानं हात पुढं केला आणि हात तिथंच राहिला. ओतूरचं स्वयंपाकघर, दुपारचे बारा. तिनं मनगटावर दोनदा थोपटलं, आणि पुन्हा दोनदा. मग थांबली. मग त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ, पहिलीतल्या एखाद्या पोराकडं पाहावं तसं, ज्याला आज काही येणार नाही हे बाईंना कळून चुकलंय. आणि तिनं तोंड उघडलं.

भूक लागली असणार, असंच तो आजपर्यंत समजत आला होता.